कणकुंबी ते कूडलसंगम: मलप्रभेच्या काठानं एका दमात सायकल (रूट, वारा, खाणं, सगळं इथंच विचारा)

टिळकवाडीचा_पायडल

नमस्कार मंडळी. मलप्रभेच्या राईडबद्दल व्यनितून (खाजगी निरोपातून) बरंच विचारणं चाललंय, एकेकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा इथंच टाकतो सगळं. लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

पहिल्यांदा एक गैरसमज काढून टाकूया. ज्याला सांगावं तो म्हणतो, कणकुंबीच्या उगमाकडनं संगमाकडं (मलप्रभा कृष्णेला मिळते तिथं, कूडलसंगमला) म्हणजे उतारच की, पाय न मारता पोचशील. ऐका. कणकुंबी समुद्रसपाटीपासून साधारण ७९० मीटरवर, आणि संगमाला नारायणपूर धरणाचं पाणी भरलेलं असतं तेव्हा त्याची पातळी ४९२. म्हणजे ३०० मीटर उतार, आणि रस्त्याचं अंतर पावणेतीनशे किलोमीटरच्या पुढं. किलोमीटरला एक मीटर झाला. हा उतार नदीला कळतो, सायकलला कळत नाही. आणि रस्ता काय नदीला धरून जात नाही, तो प्रत्येक ओढ्यात उतरतो आणि पलीकडं चढतो, दिवसभर असंच, कुठंच मोठा घाट नाही आणि कुठंच पाय सैल सोडायला मिळत नाहीत.

रूट असा: कणकुंबी, जांबोटी, खानापूर, पारिशवाड, इटगी, एम. के. हुबळी, बैलहोंगल, नविलुतीर्थ, मुनवळ्ळी, तोरगल, रामदुर्ग, बदामी, पट्टदकल, ऐहोळे, अमीनगड, कूडलसंगम. आम्ही दोघं होतो, मी आणि आमचे भावोजी. मागनं गाडी नाही, सामान सगळं सायकलवरच. तीनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राईड) वीस तास देतात, तेवढ्यात बसवायचं एवढंच डोक्यात होतं. सप्टेंबरचा शेवट निवडला, का ते खाली सांगतो.

कणकुंबीला आदल्या रात्री मुक्काम, पहाटे चारला माउलीच्या देवळाजवळच्या तीर्थाला हात जोडून निघालो. धुकं इतकं की लाइटचा उजेड परत आपल्याच तोंडावर येत होता. जांबोटीपर्यंत जंगल आहे, गवे रस्त्यात उभे असतात आणि अंधारात लांबनं झुडुपासारखेच दिसतात, म्हणून इथं वेग मारायचा नाही, गप्पा मारत आवाज करत जायचं. नदी इथं लहानशी, पोरं उडी मारून पलीकडं जातील एवढी. हब्बनहट्टीच्या मारुतीपाशी ती जरा मोठी व्हायला लागते, पावसाळ्यात तो मारुती पाण्याखाली असतो. पुढं असोगा, रामलिंगाचं देऊळ, खडकातनं पाणी खळाळत जातंय, तिथं मात्र थांबाच. खानापुरात उजाडल्यावर पोटभर खाल्लं. जांबोटी ते खानापूर खड्डे आहेत, अजून काय सांगू.

खानापूर ते बैलहोंगल हा भाग म्हणजे ऊस आणि भात, सावली बरी, मजेत जातो माणूस, आणि इथंच लोक जास्त जोर लावून बसतात. एम. के. हुबळीला हायवे ओलांडताना नदीत बसवण्णांच्या पत्नी गंगांबिका यांचा ऐक्य मंडप (समाधी) दिसतो. बैलहोंगलला कित्तूर चन्नम्माची समाधी, १८२४ ला इंग्रजांशी लढली आणि १८२९ ला इथल्याच किल्ल्यात कैदेत असताना वारली. दहा मिनिटं थांबलो.

बैलहोंगल सोडलं की देश बदलतो. काळी माती, कापूस, जोंधळा, आणि झाड म्हणाल तर वेडी बाभूळ. नजर जाईल तिथंपर्यंत सपाट, नदी कुठं गेली पत्ता नाही. आणि मग समोर डोंगराची एक लांब भिंत आडवी येते, सौंदत्तीची रांग, वर पवनचक्क्या. तुम्हाला वाटतं नदी आता वळसा घालणार. नाही घालत. भिंत चिरून सरळ आरपार गेलीय. हेच नविलुतीर्थ. दोन्ही बाजूला उभा खडक, त्या खिंडीतच धरण बांधलंय, मागं रेणुकासागर पसरलाय लांबच्या लांब. आम्ही पोचलो तेव्हा दुपारचे बारा वाजून गेलेले, दगड तापलेला, दोन्हीकडनं धग येत होती, तरी तिथनं हलावंसं वाटेना. भावोजी म्हणाले, ही नदी आपल्या खानापुरातली वाटतच नाही.

त्याच्यानंतरचा टप्पा, मुनवळ्ळी ते रामदुर्ग, हा या राईडचा खरा कस. अंतर फार नाही, तीसेक किलोमीटर असेल. पण दुपारची वेळ, सावली शून्य, रस्त्यावर डांबर कमी खडी जास्त, आणि पाठीमागचं वारं असल्यामुळं घाम वाळत नाही. हो, पाठीवर वारं असलं की वेग मिळतो पण अंगाला वारं लागत नाही, उकडून निघतो माणूस. तोरगलच्या किल्ल्यात भूतनाथाच्या देवळाच्या सावलीत आडवे झालो. एका आज्जीनं विचारलं, "यल्लिंद बंदिरी?" (कुठनं आलात?) कणकुंबी म्हटल्यावर तिला काय कळेना, शेवटी बेळगाव म्हटलं तेव्हा कपाळाला हात लावला आणि आतनं तांब्याभर ताक आणून दिलं.

रामदुर्ग ते बदामी जायला दोन तीन रस्ते आहेत, कुठनंही गेलात तरी मधे हुबळी–विजापूर हायवे ओलांडावा लागतो. ऊन उतरल्यावर निघालो. बदामीच्या अलीकडं दगडाचा रंग पालटतो, लाल, आणि संध्याकाळच्या उन्हात ते कडे बघितले की पाय दुखतात हे थोडा वेळ विसरायला होतं. जेवण बनशंकरीला करायचं ठरवलेलं, देवळासमोर बायका पाटीत भाकरी, झुणका, एण्णेगाई (भरलं वांगं), दही घेऊन बसतात, पण आम्ही पोचेस्तोवर त्या उठून गेलेल्या. बदामीत खानावळ मिळाली.

पट्टदकल, ऐहोळे सगळं अंधारात. देवळं बघायची असतील तर वेगळे या, या राईडमध्ये नाही होत. अमीनगडला करदंट (डिंक-सुकामेव्याची मिठाई) घ्यायचं होतं, दुकानं बंद. मध्यरात्र उलटून गेल्यावर संगमाला पोचलो. फोटो उद्या टाकतो.

कुंदाप्रेमी

काय सांगूलास बे!! एका दमात? मला टिळकवाडीतनं वडगावात जायचं म्हटलं तरी स्कूटर लागते. वाखु (वाचनखूण) साठवली. भावोजींना साष्टांग नमस्कार सांग, बहिणीनं सोडलं कसं त्यांना?

टिळकवाडीचा_पायडल

बहिणीनं सोडलं कुठं, मला फोनवर दर दोन तासाला "ते जेवले काय" म्हणून विचारत होती. मी जेवलो काय कोणी विचारलं नाही.

निपाणीकर_अण्णा

लेख झकास. पण सप्टेंबर का म्हणे? उन्हानं करपून निघालात. जानेवारीत करा की, थंडी मस्त, पाऊस नाही, चिखल नाही. आम्ही निपाणीकडनं सगळ्या लांबच्या राईड थंडीतच करतो.

टिळकवाडीचा_पायडल

अण्णा, हा प्रश्न येणार माहीत होतं. सगळं गणित वाऱ्याचं आहे वो. जून ते सप्टेंबर वारं पश्चिमेकडनं येतं, राईड पश्चिमेकडनं पूर्वेला, म्हणजे पाठीवर. थंडीत उलटं होतं, वारं पूर्वेकडनं. आणि बैलहोंगलच्या पुढं आडोसा म्हणून काय नाही. सकाळी दहानंतर ऊन तापलं की वारं सुटतं ते सूर्य मावळेपर्यंत. जानेवारीत तुम्ही बरोबर त्या वेळेला मोकळ्या रानात असणार, तोंडावर वारं घेऊन, साठ सत्तर किलोमीटर. सौंदत्तीच्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच नाहीत उभारल्या.

जून जुलैला वारं अजून जोरात असतं, पण कणकुंबीत तेव्हा पाऊस असा की रस्ता दिसत नाही, सायकल काय चालवणार. ऑगस्टमध्ये नदीचा भरवसा नाही, २०१९ च्या ऑगस्टमध्ये रामदुर्गात आणि पट्टदकलच्या देवळांत पाणी शिरलं होतं. म्हणून सप्टेंबरचा शेवट. वारं थोडं मेलेलं असतं पण पाठीवरच असतं, नदीला पाणी असतं, दुपार मात्र सोसावी लागते. तिन्ही गोष्टी एकदम मिळत नाहीत, कुठली सोडायची ते आपण ठरवायचं.

आणि जानेवारीत उसाचे ट्रॅक्टर आहेतच.

निपाणीकर_अण्णा

ट्रॅक्टरचं सांगू नका, ते आमच्याकडं पण आहेत. दोन दोन ट्रेलर, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, वर गाणी एवढ्या जोरात की मागनं विमान आलं तरी ड्रायव्हरला ऐकू जायचं नाही. वाऱ्याचं पटलं. मग थंडीत उलटी करायची का? संगमाकडनं कणकुंबीकडं? पूर्वेचं वारं पाठीवर येईल.

टिळकवाडीचा_पायडल

कागदावर बरोबर आहे. पण मग शेवटचा टप्पा खानापूर ते कणकुंबी येतो, तो दमलेल्या पायांनी, रात्री, जंगलात, आणि चढ सगळा तिथंच. शिवाय दुपारभर पश्चिमेकडं चाललाय म्हणजे सूर्य थेट डोळ्यात, समोरनं येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही दिसता पण मागनं येणाऱ्याच्या डोळ्यात पण ऊनच असतं. मी नाही करणार. खानापूरला संपवायची असेल तर उलटी राईड चांगली होईल, पण मग उगम राहिला.

घटप्रभेचा_गडी

सगळ्यांचं मलप्रभा मलप्रभा चाललंय, आमच्या घटप्रभेनं काय घोडं मारलंय? गोकाकला या की. ५२ मीटरची उडी आहे एका दमात, पावसाळ्यात लाल पाणी, झुलता पूल, काठावर चालुक्यांचं महालिंगेश्वराचं देऊळ, आणि धबधब्याच्या पाण्यावर चालणारी गिरणी एकोणिसाव्या शतकापासनं. तुमच्या नविलुतीर्थाला धरणाची भिंत सोडली तर काय आहे 😄

शिवाय पावणेतीनशे कशाला मारायचे. बेळगाव, अंकलगी, गोडचिनमलकी, गोकाक फॉल्स, गोकाक, यरगट्टी, मुनवळ्ळी, नविलुतीर्थ, बैलहोंगल, संपगाव, परत बेळगाव. दोनशेच्या आसपास बसतं. घरनं निघून घरी. दोन्ही नद्या बघून होतात, मार्कंडेय धरली तर तीन. गोडचिनमलकीला मार्कंडेय दोन टप्प्यांत पडते, दोन टप्प्यांच्या मधे खडकाळ दरी, तिथं जायला शेवटचा रस्ता कच्चा आहे पण सायकलवाल्याला काय त्याचं.

टिळकवाडीचा_पायडल

गड्या, गोकाकला कोण नाही म्हणतंय. पण तुझ्या लूपला एक भानगड आहे. धबधबा बघायचा तर पावसाळ्यात किंवा लगेच नंतर यायला पाहिजे, मार्चमध्ये तिथं नुसता दगड असतो. आणि पावसाळ्यात वारं पश्चिमेचं, म्हणजे सकाळी ताजे असताना पाठीवर आणि दुपारी बैलहोंगल ते बेळगाव येताना तोंडावर. पाणी आणि घरी येतानाचं वारं, दोन्ही एकाच महिन्यात मिळत नाहीत. बाकी लूप भारी आहे, पहिल्यांदा दोनशे करणाऱ्यानं हाच करावा असं माझं पण मत. साडेतेरा तास मिळतात ब्रेव्हेला, आरामात होतो.

घटप्रभेचा_गडी

तोंडावर वारं आलं की जरा वाकून मारायचं, रडायचं नाही. आमच्याकडं नुसतं सांगतात "गाळी बाळ ऐत्री" (वारं फार आहे) आणि पुढं जातात.

दगडूशास्त्री

नद्यांची भांडणं नंतर, मला दगडावर बोलू द्या. टिळकवाडीकर, तुम्ही सकाळपासनं रात्रीपर्यंत जे पार केलंत ते निव्वळ रस्ता नाही, खडकाचे तीन चार निरनिराळे प्रांत आहेत. कणकुंबी जांबोटीकडं दख्खनचा काळा बसाल्ट, त्याच्या डोक्यावर जांभा. हा लाव्हाचा थर साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा आणि तो बेळगावच्या आसपासच संपतो, दक्षिणेला त्याचा शेवट इथंच. खानापूर बैलहोंगल पट्ट्यात त्याच्या खालचे फार जुने धारवाडी खडक उघडे पडतात. आणि सौंदत्तीला जी भिंत आडवी आली म्हणताय तो कलादगी समूहाचा क्वार्टझाइट. मूळची वाळू, दाबून भाजून इतकी कडक झालेली की हातोडा उडतो.

आता नदीचं. मऊ खडकात नदी पसरते, काठ ढासळतात, दरी रुंद होते, म्हणून तुम्हाला बैलहोंगलच्या पुढं "नदी कुठं गेली" असं झालं. कडक खडकात तिला बाजूला सरकता येत नाही, ती खालीच कापत बसते, काठ उभेच्या उभे राहतात. नविलुतीर्थ म्हणजे हेच. गोकाकला पण खाली वाळूचाच दगड आहे, तिथं नदी कड्यावरनं पडते आणि खालची घळ मागं मागं खात येते. बदामीचा लाल दगड त्याच कलादगी कुटुंबातला पण वरचा, वयानं लहान, आणि मऊ, म्हणून तर चालुक्यांना गुहा कोरता आल्या. नविलुतीर्थच्या दगडात कोरायला घेतलं असतं तर अजून चाललं असतं काम.

जाता जाता, मलप्रभा आणि घटप्रभा दोन्हींच्या खोऱ्यात अश्मयुगातली दगडी हत्यारं सापडलीत, रॉबर्ट ब्रूस फूटनं एकोणिसाव्या शतकात हा सगळा दक्षिण मराठा प्रदेश पायी आणि घोड्यावरनं हिंडून ती नोंदवली. म्हणजे लांब पल्ल्याची राईड करणारे तुम्ही पहिले नाही.

कुंदाप्रेमी

शास्त्री, शाळेत भूगोल असा शिकवला असता तर मी नापास झालो नसतो.

खानापूरकरीण

पायडलदादा, वर्णन वाचून परत जावंसं वाटलं. मी आणि माझी मैत्रीण ही राईड रामदुर्गपर्यंत केली होती, पुढं जायचं नाही हे आधीच ठरवलेलं, कारण रात्रीचा टप्पा आम्हाला नको होता. बायकांसाठी थोडं लिहिते कारण धाग्यात कोणी लिहिलेलं नाही.

कणकुंबी जांबोटी पट्टा पहाटे चारला एकट्या दुकट्या बाईनंच काय कोणीच करू नये असं माझं मत. गवे तर आहेतच, अस्वल पण आहे या जंगलात, भीमगड अभयारण्य लागूनच आहे. उजाडल्यावर निघा. मग रामदुर्गला संध्याकाळ होते, तिथं राहा आणि दुसऱ्या दिवशी संगम. दोन दिवसांत केली म्हणून राईड लहान होत नाही.

दुसरं, बैलहोंगल ते रामदुर्ग बाथरूमची सोय म्हणजे पेट्रोल पंप, आणि ते पण सगळे उघडे नसतात. आडोसा नाही म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात आणि मग दुपारी चक्कर येते. असं करू नका. शेतातल्या घरी जाऊन सरळ विचारायचं, कन्नड मोडकंतोडकं चालतं, "अक्का" म्हटलं की दार उघडतं. आम्हाला एका घरी नुसतं विचारलं तर जेवायलाच बसवलं. भाकरी, शेंगाचटणी, कांदा. पैसे घेईनात.

लोकांचं म्हणाल तर एकदा पण त्रास झाला नाही. प्रश्न मात्र फार. दोघींनाच घरच्यांनी पाठवलं कसं, हा प्रत्येक थांब्यावर.

टिळकवाडीचा_पायडल

ताई, उत्तम लिहिलंत. दोन दिवसांची राईड म्हणजे बदामी, पट्टदकल उजेडात, आम्हाला हेवा वाटतोय.

कोथरूडचा_गिअरवाला

भन्नाट धागा! काही प्रश्न: १) ग्रॅव्हल बाइक लागेल का रोड बाइकवर होईल? २) टायर किती मिमी? ३) जीपीएक्स फाइल (रूटचा डिजिटल नकाशा) शेअर कराल का? ४) रूटवर सपोर्टसाठी सायकल शॉप्स कुठे आहेत? ५) बदामीनंतर कॅफे वगैरे?

घटप्रभेचा_गडी

५) 😂😂😂

टिळकवाडीचा_पायडल

गड्या हसू नकोस, पाहुणे आहेत.

गिअरवाले, रोड बाइकवर होईल पण टायर २८ च्या खाली नको, ३२ असेल तर हाताला आणि बसायच्या जागेला आराम. मागचा सगळ्यात मोठा गिअर ३२ दातांचा असला तर बरं, चढ लहान आहेत पण शंभराव्या लहान चढाला पाय उत्तर देतात. खरी भीती बाभळीच्या काट्याची. शेतकरी कुंपणाच्या फांद्या रस्त्याकडंला ओढून टाकतात, काटा टायरमधे घुसतो आणि लगेच कळत पण नाही, हवा हळूहळू जाते. ट्यूबलेस असेल तर सीलंट (भोक बुजवणारं द्रव) ताजं भरा. ट्यूब असेल तर दोन जास्तीच्या ठेवा, पॅच आणि सोल्युशन ठेवा, आणि पंक्चर काढल्यावर टायरच्या आतनं बोट फिरवून काटा काढल्याशिवाय नवीन ट्यूब घालू नका. नाहीतर तोच काटा नवीन ट्यूबला.

दुकानं: खानापूर, बैलहोंगल, रामदुर्ग, बदामी. सगळीकडं पंक्चर निघतं, साखळी जोडून मिळते, पण तुमच्या गिअरची केबल किंवा डिस्क ब्रेकचं पॅड मिळेल असं धरू नका. जीपीएक्स टाकतो. मुनवळ्ळी ते रामदुर्ग नेटवर्क येतं जातं, मॅप आधी उतरवून ठेवा. बोर्ड कन्नडमधे आहेत, निदान गावांची नावं आणि कन्नड आकडे ओळखायला शिका, अर्ध्या तासाचं काम आहे. आणि कोणाला रस्ता विचारला की "नेट्टग होगरी" येणारच, सरळ जावा, मग पुढं तीन वळणं असली तरी.

कॅफे नाही. मिरची भजी, गिरमिट (मसाला चुरमुरे) आणि चहा आहे, तो पण आठच्या आत.

सीमाभागवासी

कणकुंबीचा विषय निघालाच आहे तर कळसा भांडुराच्या कालव्याबद्दल पण बोला की. म्हादईचं पाणी इकडं वळवायचं त्यासाठी तिथं खणून ठेवलंय ते सायकलवरनं दिसलं नाही काय? लवादाचा निकाल २०१८ ला आला, गोव्याचं वेगळं, कर्नाटकाचं वेगळं, आणि जंगल जायचं ते आमच्या खानापूर तालुक्यातलं

धागाकर्ता नाही पण

विषय महत्त्वाचा आहे, पण इथं सुरू झाला तर दोनशे प्रतिसादांनी सायकल पंक्चर होईल. वेगळा धागा काढा प्लीज, मी येतो तिथं.

दक्षिणायन

थोडं अवांतर, पण रस्त्यावरचंच. या सगळ्या पट्ट्याला आपण कानडी मुलूख म्हणून पुढं जातो पण आपल्या इतिहासाच्या खुणा पावलोपावली आहेत. तोरगल, जिथं आज्जीनं ताक दिलं, ती शिंदे सेनाखासखेल (ही त्यांची पदवी) यांची जहागीर, कोल्हापूर संस्थानाखालची. रामदुर्ग भाव्यांचं संस्थान, आणि शेजारच्या नरगुंदचे बाबासाहेब भावे यांना १८५८ मधे बंड केलं म्हणून बेळगावात फाशी दिलं. आणि तुम्ही अंधारात ओलांडलेलं ऐहोळे: तिथं मेगुती टेकडीवरच्या देवळात रविकीर्तीचा इ. स. ६३४ चा शिलालेख आहे, त्यात चालुक्य राजा पुलकेशीला ९९ हजार गावं असलेल्या तीन महाराष्ट्रकांचा स्वामी म्हटलंय. पट्टदकलला पण एवढंच सांगतो, विरूपाक्षाचं देऊळ राणी लोकमहादेवीनं बांधवलं, नवरा कांचीच्या पल्लवांना जिंकून आला म्हणून. १९८७ पासनं ते जागतिक वारसा यादीत आहे. पुढच्या वेळेला उजेडात जावा, वीस तासांचा हट्ट सोडा.

टिळकवाडीचा_पायडल

सर, हट्ट सोडला तर राईड कसली वो. पण मेगुतीला नक्की जाणार, सायकल खाली ठेवून.

गोळ्या_देणारा

डॉक्टर आहे म्हणून दोन शब्द. अशा दुपारी लोक दोन चुका करतात, एक पाणी कमी पितात, दोन, नुसतं पाणीच ढोसतात. घामातनं मीठ जातं, वरनं लिटरच्या लिटर साधं पाणी प्यालं तर रक्तातलं सोडियम खाली येतं, डोकं दुखतं, मळमळतं, माणूस बरळायला लागतो आणि सोबतच्याला वाटतं ऊन लागलंय, म्हणून तो अजून पाणी पाजतो. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच घालायचं, अर्ध्या बाटलीत घट्ट करून नाही. ताक मीठ घालून उत्तम. बरळणं, घाम बंद होणं, अंग तापणं यातलं काही दिसलं तर राईड तिथंच संपली, सावलीत आडवं करा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि दवाखाना गाठा. सौंदत्ती, रामदुर्ग दोन्हीकडं तालुक्याचा सरकारी दवाखाना आहे. आणि बसायच्या जागेला निघायच्या आधीच व्हॅसलीन लावा, सोलल्यावर लावून उपयोग नाही.

निपाणीकर_अण्णा

शेवटचा सल्ला अनुभवी वाटतोय डॉक्टर 😄

बरं, एक राहिलं. संगमाहून परत कसे आलात? मध्यरात्री सायकली घेऊन?

टिळकवाडीचा_पायडल

संगमाला यात्रेकरूंसाठी राहायची सोय आहे, पण आम्ही उशिरा पोचलो, तिथल्या वॉचमन मामांनी ओसरीवर पथारी टाकू दिली. सकाळी संगमेश्वराचं दर्शन, बसवण्णांचा ऐक्य मंडप बघितला, धरणाच्या पाण्यापासनं वाचवायला त्याच्याभोवती मोठी गोल भिंत बांधलीय, विहिरीत उतरल्यासारखं खाली जावं लागतं. मग बस. सायकली टपावर, पुढचं चाक काढून कॅरिअरला सुतळीनं बांधायचं, सुतळी स्वतःची न्या. कंडक्टर लगेजचं तिकीट करतो, वाद घालू नका. डिरेलरची (मागचे गिअर बदलणारा भाग) बाजू वर येईल असं झोपवा, नाहीतर बागलकोट येईपर्यंत त्याचा हँगर (तो अडकवायची पट्टी) वाकतो. बागलकोटला बदलून बेळगावची बस.

घटप्रभेचा_गडी

म्हणजे बागलकोट बेळगाव बस गोकाक तालुक्यातनंच आली असेल, झोपून गेलास ना?

टिळकवाडीचा_पायडल

भावोजी झोपलेले. मी यरगट्टीला मिरची भजी खायला उतरलेलो.

खानापूरकरीण

दादा, गोकाकचा दोनशेचा लूप ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात करूया काय? पाणी थोडं असेल, वारं पडलेलं असेल, ऊस अजून सुरू झालेला नसेल. आम्ही तिघी तयार आहोत, पहाटे साडेपाचला कणबर्गीला भेटू शकतो.

घटप्रभेचा_गडी

या की ताई. गोकाकला नाश्ता आमच्याकडं, करदंट बांधून देतो सगळ्यांना. पायडलला नाही.

कोथरूडचा_गिअरवाला

मी पण येतो. रेल्वेनं सायकल कशी आणायची ते कोणी सांगेल का, पार्सलमध्ये टाकू की बॅगेत?

टिळकवाडीचा_पायडल

दोन्ही चाकं काढून बॅगेत, सीटखाली आडवी. पार्सलला टाकली तर त्याच गाडीतनं येईल याची खात्री नसते. बेळगाव स्टेशनवर मी येतो घ्यायला, पंप घेऊन.